बिनवाळूच्या काँक्रीटची कहाणी



मी इतिहास शिकविणारा माणूस. सिमेंट कालवणे हा माझा धंदा नव्हे. तरी आज काँक्रीटवर बोलायला बसलो आहे, त्याचे कारण आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक मला भेटायला आले. त्यांच्या शाळेच्या अर्ध्या अंगणात पूर्वीच सिमेंटचा कोबा घातलेला होता. कोबा घट्ट होता, त्याला कुठे तडाही नव्हता. पण त्याच्यावर पडणाऱ्या पावसाला मुरायला जागा उरली नव्हती. सगळे पाणी वाहत येऊन वर्गांच्या जोत्याशी साचे आणि भिंतींना ओल चढे. आता उरलेले अर्धे अंगण बांधून काढायचे होते. मुख्याध्यापकांनी मोबाइल काढून मला एक चित्रफीत दाखविली. परदेशातल्या कुठल्याशा अंगणात टँकरचे पाणी धो धो ओतले जात होते आणि ते फरशीतल्या फरशीत नाहीसे होत होते.

"सर, हे खरं आहे का?" त्यांनी विचारले. "यात म्हणे वाळूच नसते. आमचे गवंडी म्हणतात, वाळू नाही म्हणजे कस नाही. मुलांच्या पायाखाली असलं काही घालायचं का?"

चित्रफीत खरी होती, आणि गवंड्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे समजून घ्यायचे तर या काँक्रीटची दीडशेहून अधिक वर्षांची कहाणी पाहावी लागते. ती आज थोडक्यात सांगतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. साध्या काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी असते. खडीच्या खड्यांमध्ये राहणारी पोकळी वाळू भरून काढते, वाळूच्या कणांमधली पोकळी सिमेंटचा लगदा भरतो, आणि सगळे मिळून एकजीव दगड होतो. बिनवाळूच्या काँक्रीटमध्ये वाळू मुद्दाम वगळतात. साधारण १० ते २० मिलिमीटर मापाची एकसारखी खडी घ्यायची आणि तिच्या प्रत्येक खड्याला सिमेंटच्या लगद्याचा पातळ लेप द्यायचा, एवढेच. घरातला चुरमुऱ्यांचा लाडू डोळ्यांपुढे आणा. गुळाचा पाक सगळी जागा भरून टाकीत नाही. तो चुरमुऱ्याला चुरमुरा चिकटवितो आणि मधे मोकळी जागा ठेवतो. येथे चुरमुऱ्यांच्या जागी खडी आणि पाकाच्या जागी सिमेंट. त्या मोकळ्या जागांतून पाणी खाली उतरते. फरसबंदीच्या अशा काँक्रीटमध्ये साधारण १५ ते ३५ टक्के पोकळी असते.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडात लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यानंतर तीस वर्षांच्या आतच, १८५२ साली, त्याच देशात नुसती जाड खडी आणि सिमेंट वापरून दोन राहती घरे आणि समुद्राच्या लाटांना अडविणारा एक बांध उभा राहिला. बिनवाळूच्या काँक्रीटचा हा पहिला वापर मानला जातो. गंमत अशी की, तेव्हा पाणी मुरविण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. वाळू वगळली म्हणजे तिच्या कणांना लागणारे सिमेंटही वाचते. मुख्य ओढ काटकसरीची होती.

पुढे सत्तर वर्षे ही रीत मागे पडल्यासारखी होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची टंचाई झाली, तेव्हा हॉलंडकडून ती पुन्हा ब्रिटनमध्ये आली. १९२३ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे या काँक्रीटची ५० दुमजली घरे बांधण्यात आली. पण तिचा खरा सुकाळ झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. बॉम्बवर्षावात शहरेच्या शहरे कोसळली होती. विटा मिळत नव्हत्या, वीटकाम जाणणारे हात मिळत नव्हते. जर्मनीत तर रस्तोरस्ती पडक्या इमारतींच्या राडारोड्याचे डोंगर झाले होते. तो राडारोडा फोडून, चाळून त्याचीच खडी केली गेली आणि तिच्यापासून नव्या भिंती ओतल्या गेल्या. ब्रिटनमध्ये जॉर्ज विम्पी या एका बांधकाम कंपनीनेच पुढच्या काही दशकांत या पद्धतीची सुमारे तीन लाख घरे बांधली.

टंचाईच्या त्या काळात हे काँक्रीट का उपयोगी पडले? कारणे अगदी व्यवहाराची आहेत. एक घमेले सिमेंट आणि आठ घमेली खडी, एवढ्या मालात भिंत होई. ओले असताना हा माल पाण्यासारखा पसरत नाही, खड्यावर खडा टेकून उभा राहतो. त्यामुळे साच्याच्या फळ्यांवर दाब कमी येतो, हलका साचा चालतो आणि साधे मजूरही माल ओतू शकतात. शिवाय अशा भिंतीत खालून वर ओल चढत नाही. समईच्या वातीतून तेल वर चढते, कारण वातीतल्या वाटा सुताहून बारीक असतात. या काँक्रीटमधल्या पोकळ्या मोठ्या; त्यातून पाणी खाली पडेल, वर चढणार नाही. बाहेरच्या पावसासाठी मात्र भिंतीला गिलावा आवश्यक असे. पुढे या घरांतून थंडीच्या आणि ओलीच्या तक्रारी आल्या, बऱ्याच घरांना बाहेरून उबेचे आवरण द्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पण भार पेलण्याच्या बाबतीत या भिंतींनी आपले काम केले.

येथे गवंड्यांचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. वाळू नाही, कस कमी, मग भिंती उभ्या कशा राहिल्या?

काँक्रीटचा कस म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर किती किलो वजन दाबले म्हणजे ते फुटते, असे ढोबळ मानाने समजा. अंगणाला किंवा घराला वापरतात ते साधे काँक्रीट साधारण २०० किलो सोसते. मोठ्या रस्त्याच्या काँक्रीटकडून ४०० किलोंची अपेक्षा असते. बिनवाळूचे काँक्रीट, खडी, सिमेंट आणि पोकळी यांच्या प्रमाणानुसार, २८ पासून २८० किलोंपर्यंत कुठेही असू शकते. फरसबंदीचे चांगले मिश्रण १७० किलोंच्या आसपास भरते. कस घटतो हे निश्चित. साध्या काँक्रीटमध्ये नीट न धुमसल्यामुळे नुसती पाच टक्के पोकळी राहिली, तरी त्याचा कस ३० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. येथे तर पोकळी हाताने धरून आणलेली! पण दुमजली घराच्या भिंतीच्या तळाशी येणारा दाब चौरस सेंटीमीटरला दहा किलोंच्याही आत असतो. म्हणजे भिंतीला जेवढा कस हवा, त्याहून पुष्कळ अधिक तिच्यापाशी होता. "कस किती?" हा प्रश्न अर्धाच आहे, "कोणत्या कामासाठी?" हे पुढे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही.

मिश्रणाच्या बाबतीतही या काँक्रीटने जाणत्यांना नवा धडा दिला. १९१८ साली अमेरिकेत शिकागो येथे डफ अब्रॅम्स याने पुष्कळ प्रयोगांनंतर एक नियम मांडला : सिमेंटच्या मानाने पाणी जितके कमी, तितका काँक्रीटचा कस जास्त. आपले अनुभवी गवंडीही "माल पातळ करू नको रे" म्हणून ओरडतात, ते याचसाठी. पण बिनवाळूच्या काँक्रीटपुढे हा नियम जसाच्या तसा लागू पडेना. पाणी फार कमी केले, तर लगदा कोरडा राहतो, खड्यांना चिकटत नाही आणि खडी सुटून येते. पाणी जास्त झाले, तर लगदा खड्यांवरून ओघळून तळाशी जातो. वरची खडी उघडी पडते आणि तळाची भोके बुजतात. म्हणजे कसही गेला आणि निचराही गेला. लाडवाच्या पाकासारखेच हे. ५० किलो सिमेंटला साधारण १५ ते २० लिटर पाणी, या मर्यादेत मधली जागा सापडावी लागते. कामावर त्याची सोपी परीक्षा आहे : मूठभर माल दाबून पाहायचा. गोळा बनला, खडे ओलसर चकाकले आणि हाताला पाणी सुटले नाही, की माल ठीक.

आता कहाणीतले मोठे वळण. जे काँक्रीट शंभर वर्षे भिंतीत उभे होते, ते जमिनीवर आडवे कसे झाले? याचे उत्तर अमेरिकेत मिळते. तिथे मोटारी वाढल्या, दुकाने-कचेऱ्यांपुढे मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण अंगणे झाली, आणि ती सगळी डांबराने किंवा सिमेंटने बंद झाली. पूर्वी ज्या जमिनीत पाऊस मुरे, तिथून तो तेलकट घाण घेऊन ओढ्या-नद्यांत धावू लागला. १९७२ साली त्या देशात नद्यांच्या शुद्धतेचा मोठा कायदा झाला आणि पुढे १९८७ साली त्यात दुरुस्ती होऊन शहरांतून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यावरही बंधने आली. फ्लोरिडा राज्यात पाऊस धुवाधार आणि जमीन बरीचशी वाळूची. तिथे १९७० नंतरच्या काळात लोकांनी बिनवाळूचे काँक्रीट मोटारतळांवर अंथरायला सुरुवात केली. भिंतीत जी पोकळी काटकसरीसाठी चालवून घेतली होती, तीच आता हवीशी झाली.

तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला : पोकळी ठेवायची तरी किती? १९८८ साली मेनिंजर या अमेरिकन अभियंत्याने आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोकळी १५ टक्क्यांच्या खाली गेली, की पाणी नीट उतरतच नाही. आणि ती जसजशी वाढवावी तसतसा कस ढासळतो. म्हणजे एकीकडे ओढावे तर दुसरीकडे सुटते. २००६ साली अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट या संस्थेच्या समितीने या विषयावरचा सविस्तर अहवाल काढला. त्याच वर्षी आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी बर्फाळ प्रदेशासाठी प्रयोग केले. त्यांना आढळले की खडीच्या वजनाच्या सुमारे सात टक्के वाळू घातली, तर निचरा पुरेसा राहतो आणि कस व टिकाऊपणा वाढतो. घराबाहेर काढलेली वाळू मूठभर का होईना, पुन्हा घरात आली! आपल्याकडे १९८९ साली भारतीय मानक ब्यूरोने वाळूविरहित काँक्रीटसाठी आय.एस. १२७२७ ही संहिता काढली. तेव्हा हे काही केवळ चित्रफितीतले नवल नव्हे.

जमिनीवर आल्यावर कसाचा हिशेबही बदलतो, तो मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. उभ्या माणसाच्या पायाखाली चौरस सेंटीमीटरला एखादा किलो दाब येतो, मोटारीच्या चाकाखाली दोन-अडीच किलो, भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली सात-आठ किलो. १७० किलोंच्या कसापुढे हे काहीच नाही, असे वाटेल. पण फरशी नुसती दाबली जात नाही, ती चाकाखाली वाकते. आणि वाकताना तिची खालची बाजू ताणली जाते. या ताणाला हे काँक्रीट चौरस सेंटीमीटरला दहा ते अडतीस किलोंपर्यंतच टिकते. तोच भार रोज शेकडो वेळा आला, तर ते थकते. शिवाय चाक जागच्या जागी वळले, की वरचे खडे उपटून निघतात. म्हणून पायवाट, अंगण, हलक्या मोटारींचा तळ, येथे हे शोभते. जड वाहनांच्या हमरस्त्यावर नाही. पायवाटेला १० सेंटीमीटर आणि मोटारतळाला १५ सेंटीमीटर जाडी साधारणपणे देतात.

घालण्याची रीतही वेगळी. माल कालवल्यापासून तासाभरात तो पसरून, वरून रूळ फिरवून बसवावा लागतो. खणखणीत धुमसला, तर भोके बुजतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तो लगेच प्लॅस्टिकच्या कागदाने सात दिवस झाकून ठेवायचा. साधा कोबा वरूनच सुकतो. हा माल आतबाहेरून वाऱ्याला उघडा असतो, तो तासाभरात कोरडा पडतो आणि मग खडी हाताने निघते. "काँक्रीट वाईट निघाले" असे ज्यास म्हणतात, त्यात पुष्कळदा दोष या झाकण्यातल्या आळसाचा असतो.

आता पाण्याचा हिशेब. नव्या, स्वच्छ फरशीतून मिनिटाला दर चौरस मीटरमागे १२० लिटरांहून अधिक पाणी उतरू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो अनेकांना आठवत असेल. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर. हे सगळे पाणी ही फरशी आठ मिनिटांत खाली सोडू शकेल. पण खाली म्हणजे कुठे? अडचण फरशीत नाही, तिच्या खालच्या जमिनीत आहे. मुरमात, वाळूत पाणी झपाट्याने मुरते. आपली काळी माती मात्र एकदा भिजून फुगली, की तासाला काही मिलिमीटरच पाणी घेते. आणि फुगते-आकसते म्हणून वरची फरशीही हलविते. तिच्यावर असले काँक्रीट थेट अंथरणे म्हणजे चाळणीखाली परात ठेवण्यासारखे आहे. उपाय म्हणजे मधे खडीचा थर द्यायचा. १५ सेंटीमीटर फरशीत २० टक्के पोकळी धरली, तर तिच्यात ३० मिलिमीटर पाऊस मावतो. खाली ३० सेंटीमीटर जाड एकसारख्या खडीचा थर असेल, तर त्यात आणखी सुमारे १२० मिलिमीटर. तो सावकाश मुरेल, आणि जमीन अगदीच पाणी घेत नसेल, तर थरात नळी घालून पाणी शोषखड्ड्याकडे काढून द्यावे.

मुख्याध्यापकांना मी हेच सांगितले. म्हटले, "आधी कसाचं विचारू नका. जमिनीला विचारा. अंगणात दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डे घ्या, पाणी भरा, मुरलं की पुन्हा भरा, आणि घड्याळ लावून बसा." त्यांनी आठवीच्या मुलांकडून ते करवून घेतले. वरच्या अंगाला मुरूम होता. तिथले पाणी दुपारच्या सुट्टीपर्यंत मुरून गेले. खालच्या अंगाला काळी माती होती; तिथले दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळीही तसेच उभे होते. मग फाटकापासून पाण्याचा टँकर जिथपर्यंत येतो, तेवढा पट्टा साध्या काँक्रीटचा करायचा, खालच्या अंगाला माती तशीच ठेवून चर काढायचा, आणि वरच्या अंगाला दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा बिनवाळूचा एक तुकडा करून पाहायचा, असे ठरले. गवंडी कुरकुरले, पण त्यांनी माल नीट कालवला आणि सात दिवस झाकला.

गेला पावसाळा त्या तुकड्याने पाहिला. मी दिवाळीनंतर जाऊन आलो. मुले त्याच्यावर तांब्याने पाणी ओतून पाहुण्यांना गंमत दाखवितात. तुकडा कुठे खचला नव्हता. सुरुवातीला काही खडे सुटले, मग थांबले. पण एक कड पाणी घेईनाशी झाली होती. तिच्या शेजारी फुलझाडांचा वाफा होता, आणि त्यातली माती वाहून येऊन भोकांत बसली होती. मुख्याध्यापकांनी वाफ्याला विटांची कड बांधली आणि दर शनिवारी खराट्याने तो भाग झाडून घेऊन जोराच्या पाण्याने धुवायला लावले. आता बरे चालले आहे. परदेशांतही या फरशांचे हेच दुखणे आहे. तिथे माती ओढून घेणारी यंत्रे फिरवितात, आपल्याकडे खराटा आणि पाण्याचा फवारा. ज्या गावाला वर्षातून दोनदा फरशी साफ करायचे जमणार नाही, त्या गावाने या भानगडीत पडू नये. चार-पाच वर्षांत ती साध्या कोब्यासारखीच होऊन बसेल, आणि कस मात्र कोब्याहून कमी.

तेव्हा श्रोतेहो, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनो, वाळू नाही म्हणजे कस कमी, हे गवंड्यांचे म्हणणे अगदी खरे. पण युद्धाने पडलेली शहरे सावरताना तेवढा कस भिंतींना पुरला, आणि मुलांच्या पायांना, सायकलींना, हलक्या मोटारींना तो आजही पुरतो. टँकरला पुरणार नाही. आपण एरवी अंगण बांधताना एकच विचारतो, "किती वर्षं टिकेल?" यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत. याच्यावरून कोण चालणार आहे? आणि याच्यावर पडलेला पाऊस जाणार कुठे? त्या शाळेतला पहिला कोबा टिकला होता, उत्तम टिकला होता. ओल चढली ती वर्गांच्या भिंतींना.

आपल्या गावात कुठे अंगण बांधायचे निघाले असेल, तर सिमेंटच्या पिशव्या आणण्याआधी एक हातभर खड्डा घ्या आणि त्यात पाणी ओतून पाहा.